अभिलेखपाल होताना: शिक्षण, अनुभव आणि व्यावसायिक प्रमाणन यांचा क्रमवार मार्ग

अभिलेखपाल म्हणून प्रमाणन मिळवण्यासाठी मी पहिल्यांदा अर्ज केला, तेव्हा तो अपुरा ठरवून परत पाठवण्यात आला. माझ्याकडे पदवी होती, तीन वर्षांचे काम होते आणि वरिष्ठांचे पत्रही होते. परंतु त्या पत्रात ‘अभिलेख विभागात समाधानकारक काम केले’ एवढे एकच वाक्य होते. त्या तीन वर्षांत मी किती संग्रहांची मांडणी केली, वर्णन कोणत्या पातळीपर्यंत नेले, कोणते कागद ठेवायचे हा निर्णय माझा होता की दुसऱ्याने घेतलेला निर्णय मी फक्त अमलात आणला, यांतले काहीही त्यावरून कळत नव्हते. हे सगळे आठवून, जुन्या वह्या चाळून आणि तोवर इतरत्र गेलेल्या सहकाऱ्यांना गाठून जमवायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. ते वर्ष दुसऱ्या कोणाचे जाऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने शिक्षण कोणत्या क्रमाने घ्यावे, प्रमाणनाचा विचार केव्हा करावा आणि पहिल्या दिवसापासून कोणता कागद जपून ठेवावा, हे यात सांगितले आहे.

१. चार वेगळ्या गोष्टी आधी ओळखून घ्या

नवख्या माणसाचा सर्वाधिक गोंधळ शब्दांपाशीच होतो. विद्यापीठाची पदवी किंवा पदविका, अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाचे सर्टिफिकेट, व्यावसायिक प्रमाणन आणि व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व या चार गोष्टी जाहिरातींमध्ये एकाच रांगेत बसवलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांतली प्रत्येक गोष्ट तुमच्याबद्दल काही निराळेच सांगते. पदवी सांगते की तुम्ही ठरावीक काळ ठरावीक विषय शिकलात. सर्टिफिकेट सांगते की एखादे विशिष्ट कौशल्य, समजा डिजिटल जतन किंवा कागदाची डागडुजी, तुम्ही आत्मसात केले. प्रमाणन हे शिक्षणसंस्थेने दिलेले नसते. व्यवसायातल्याच लोकांच्या संस्थेने तुमचे शिक्षण आणि अनुभव तपासून, बहुधा परीक्षा घेऊन, ठरावीक मुदतीपुरते दिलेले असते आणि मुदत संपली की ते नव्याने मिळवावे लागते. सदस्यत्व मात्र बहुतेक ठिकाणी वर्गणी भरून मिळते. ते अवश्य घ्यावे, पण ते पात्रतेचा पुरावा आहे असे कुठेही लिहू नये.

यातून निघणारी पहिली सूचना अशी, की ज्या प्रकारच्या संस्थेत तुम्हाला काम करायचे आहे तिच्या भरतीच्या पाचदहा जुन्या जाहिराती मिळवा आणि त्यांत ‘आवश्यक’ काय व ‘इष्ट’ काय ते वेगळे लिहून काढा. सरकारी अभिलेखागारात पदवीची अट कठोर असू शकते आणि प्रमाणनाचा उल्लेखही नसू शकतो; खासगी कंपनीच्या दप्तरात अभिलेख व्यवस्थापनाच्या प्रमाणनाला अधिक वजन असू शकते. काय मिळवायचे हे त्या यादीवरून ठरवा, अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका.

२. प्रवेश घेण्यापूर्वी काही आठवडे काम करून पाहा

जुन्या कागदांची ओढ ही या व्यवसायाची चांगली सुरुवात आहे, पण ती पुरेशी नाही. कामाचा मोठा भाग खोकी उघडणे, त्यांतील गंजलेल्या टाचण्या काढणे, फायली मोजणे, याद्या करणे आणि वाचकाने मागितलेली फाइल वेळेवर त्याच्यासमोर ठेवणे असा असतो. संशोधक ज्या कागदावर लेख लिहितो तो कागद सापडावा एवढी सोय करून अभिलेखपाल बाजूला होतो. हे बाजूला होणे ज्याला मनापासून पटते त्याने या व्यवसायात यावे, असे माझे मत आहे. म्हणून एखाद्या अभिलेखागारात, ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात किंवा एखाद्या संस्थेच्या दप्तरखान्यात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जा. त्या महिन्याची नोंदवही ठेवा. ती पुढे कशी उपयोगी पडते ते पाचव्या टप्प्यात येईल.

३. अभ्यासक्रम निवडा, पण नावावर जाऊ नका

अभिलेखशिक्षणाच्या परंपरा निरनिराळ्या आहेत. पॅरिसमधील एकोल दे शार्त ही संस्था १८२१ मध्ये सुरू झाली आणि तिथे जुन्या लिप्या, दस्तऐवजांची रचना व कायद्याचा इतिहास यांवर भर राहिला. जर्मनीतील मारबुर्ग येथील अभिलेखविद्यालय १९४९ पासून सरकारी अभिलेखागारांसाठी माणसे घडवत आले आहे. इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने १९४७ मध्ये या विषयाची पदविका सुरू केली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने १९८१ मध्ये स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आणली. भारतात राष्ट्रीय अभिलेखागाराने १९७६ मध्ये प्रशिक्षणसंस्था उभी केली. आज ती स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज या नावाने ओळखली जाते आणि एक वर्षाच्या पदविकेबरोबर अल्प मुदतीचे अभ्यासक्रमही चालवते. काही देशांत हा विषय इतिहास विभागात शिकवला जातो, तर काही देशांत ग्रंथालय व माहितीशास्त्र विभागात. विभागाच्या पाटीवर काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व नाही. आत काय शिकवले जाते याला आहे.

प्रवेशापूर्वी विभागाला लेखी स्वरूपात विचारावे असे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. अभिलेखशास्त्राचे स्वतंत्र विषय किती आहेत आणि ते ग्रंथालयशास्त्राच्या विषयांचे केवळ उपभाग आहेत काय? मूल्यनिर्धारण (कोणते कागद ठेवायचे ते ठरवणे) आणि वर्णन (संग्रहात काय आहे ते वाचकासाठी लिहून ठेवणे) हे दोन विषय सक्तीचे आहेत काय? प्रात्यक्षिक किती तासांचे आहे, ते कोणाच्या देखरेखीखाली होते आणि ते गुणपत्रिकेत दिसते काय? डिजिटल अभिलेखांचा विषय शिकवणाऱ्याने स्वतः असे संग्रह हाताळले आहेत काय? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या विभागात प्रवेश घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

येथे एक सापळा आहे. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द वाचून लोक निश्चिंत होतात. परंतु मान्यता कोणाची आणि कशाला, हे विचारत नाहीत. अमेरिकेत ग्रंथालय संघटना ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला मान्यता देते, त्या पदवीतील अभिलेखशास्त्राच्या शाखेला स्वतंत्रपणे नाही. आणि १९३६ मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ अमेरिकन आर्काइव्हिस्ट्स ही संस्था अभ्यासक्रम कसा असावा याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते, पण अभ्यासक्रमांना मान्यता देत नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथील व्यावसायिक संघटना मात्र अभ्यासक्रम तपासून त्यांना मान्यता देतात. तेव्हा माहितीपत्रकात हा शब्द आला की त्यामागचे नाव शोधून काढा.

४. जो पाया चुकला तर पुढचे सगळे चुकते

अभ्यासक्रम कोणताही असो, दोन तत्त्वे अंगी मुरेपर्यंत पुढे जाऊ नका. पहिले उगमाचे तत्त्व: एका व्यक्तीने किंवा संस्थेने निर्माण केलेले अभिलेख दुसऱ्याच्या अभिलेखांत मिसळायचे नाहीत. दुसरे मूळ क्रमाचे तत्त्व: निर्माण करणाऱ्याने ते ज्या क्रमाने ठेवले होते तो क्रम, शक्य असेल तितका, राखायचा. १८४१ च्या फ्रेंच परिपत्रकाने पहिल्या तत्त्वाला अधिकृत रूप दिले, १८८१ मध्ये प्रशियाच्या सरकारी अभिलेखागाराने दोन्हींना नियमाचे बळ दिले आणि १८९८ मध्ये मुलर, फाइथ व फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी आपल्या नियमपुस्तिकेत त्यांची पद्धतशीर मांडणी केली. परीक्षेत ही सनावळी विचारली जाते म्हणून ती पाठ करणे सोपे आहे. तत्त्व कशासाठी आहे हे कळणे त्याहून कठीण आहे, म्हणून एक उदाहरण देते.

समजा, बंद पडलेल्या एका वसतिगृहाचे कागद तुमच्याकडे आले. उत्साही स्वयंसेवकांनी ते आधीच ‘नीट लावून’ दिले आहेत: सगळी पत्रे एका खोक्यात, सगळी बिले दुसऱ्यात, सगळे अहवाल तिसऱ्यात, आणि प्रत्येक खोक्यात तारखेचा क्रम. दिसायला सुरेख. पण मूळ स्थितीत वसतिगृहाच्या अधीक्षकाच्या एकाच फायलीत पाणी गढूळ येत असल्याची विद्यार्थ्यांची तक्रार, त्याच आठवड्यातले डॉक्टरांचे बिल आणि टाकी साफ करण्याचा तीन महिन्यांनंतरचा आदेश हे तीन कागद एकाखाली एक लावलेले होते. ते एका फायलीत होते याचा अर्थ अधीक्षकाला तिन्हींचा संबंध माहीत होता, असा होतो. आता ते तीन खोक्यांत विखुरले आहेत. एकही कागद हरवलेला नाही आणि तरीही पुरावा नाहीसा झाला आहे. अभिलेख आणि सुटा कागद यांतला फरक इथे आहे, आणि ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावण्याची सवय घेऊन येणाऱ्यांनी हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे.

या पायावर मूल्यनिर्धारण उभे राहते. ब्रिटिश अभिलेखपाल हिलरी जेंकिन्सन यांनी १९२२ मध्ये अशी भूमिका मांडली की अभिलेखपालाचे पहिले काम ताबा आणि सचोटी राखण्याचे आहे. काय ठेवायचे याची निवड त्याने शक्यतो करू नये, कारण निवडीबरोबर त्याचे स्वतःचे मत अभिलेखांत शिरते. अमेरिकन अभिलेखपाल थिओडोर शेलेनबर्ग यांच्यासमोर सरकारी कागदांचे डोंगर होते. त्यांनी १९५६ मध्ये अभिलेखांची प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन मूल्ये सांगितली. निर्माण करणाऱ्या कार्यालयाला प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक कारणांसाठी असलेली गरज हे प्राथमिक मूल्य. ती गरज संपल्यावर इतरांना उरणारे पुराव्याचे व माहितीचे मूल्य हे दुय्यम. या दोन भूमिकांतील मतभेद आजही प्रत्येक अभिलेखागारात रोजच्या निर्णयांत जिवंत असतो. दोघांची बाजू तुम्हाला स्वतःच्या शब्दांत आणि सारख्याच जोराने मांडता येईपर्यंत हा विषय सोडू नका.

वर्णनासाठी आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने, म्हणजे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, १९९४ मध्ये आयसॅड-जी हे मानक प्रसिद्ध केले आणि पुढे त्याची दुसरी आवृत्ती काढली. त्यात वर्णनाचे २६ घटक आहेत, पण देवाणघेवाणीसाठी त्यांतले सहाच अत्यावश्यक मानले जातात: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारखा, व्याप्ती आणि वर्णनाची पातळी. वर्णन नेहमी सर्वसाधारणाकडून विशेषाकडे जाते आणि वरच्या पातळीवर सांगितलेले खाली पुन्हा सांगायचे नसते. नवशिका नेमकी उलटी चूक करतो. तो पहिल्या खोक्यातील पहिल्या पत्राचे पानभर वर्णन लिहितो आणि वर्षअखेरीस दोनशे खोक्यांपैकी चार खोकी पूर्ण झालेली असतात. आधी संपूर्ण संग्रहाचे एक पान लिहा, मग मालिकांचे, म्हणजे एकत्र ठेवलेल्या एकाच प्रकारच्या फायलींच्या गटांचे, आणि गरज असेल तरच फायलींचे.

डिजिटल अभिलेखांसाठी ओएआयएस हे संदर्भप्रतिमान, म्हणजे डिजिटल अभिलेख दीर्घकाळ कसे जपायचे याचा आराखडा, शिका; आयएसओ १४७२१ या क्रमांकाचे ते मानक आहे. दात्याकडून आलेला संच, जतनासाठी ठेवलेला संच आणि वाचकाला दिलेला संच हे तीन निरनिराळे असतात, हा त्यातला गाभ्याचा विचार आहे. चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा) काढणे, तो ठरावीक काळाने पुन्हा पडताळणे आणि प्रत्येक क्रियेची नोंद ठेवणे हे स्वतःच्या संगणकावर विनामूल्य साधनांनी शिकता येते. फायलींची नुसती प्रत काढून ठेवणे म्हणजे डिजिटल जतन, असा समज घेऊन परीक्षेला जाऊ नका.

५. अनुभव मिळवा आणि त्याचा पुरावा त्याच दिवशी तयार करा

आपण ज्या व्यवसायात जात आहोत तो पुराव्याचा व्यवसाय आहे, आणि प्रमाणन देणारी संस्था तुमच्याकडे तेच मागते: केले ते दाखवा. म्हणून प्रत्येक संग्रहासाठी एक पान अशी कामाची नोंदवही ठेवा. त्या पानावर संग्रहाचे नाव आणि निर्माता, हाती घेतला तेव्हाची स्थिती, रेखीय मीटरमध्ये (मांडणीवर व्यापलेली लांबी) किंवा खोक्यांत मोजलेली व्याप्ती, तुम्ही स्वतः घेतलेले निर्णय आणि त्यांची कारणे, वापरलेले मानक, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि देखरेख करणाऱ्याचे पदनाम एवढे असावे. निर्णय आणि कारण हे दोन रकाने सर्वांत मोलाचे आहेत. ‘मूळ क्रम विस्कटलेला असल्याने आवक-जावक नोंदवहीच्या आधारे पुन्हा लावला’ या एका वाक्यातून परीक्षकाला जे कळते, ते ‘मांडणी केली’ या दोन शब्दांतून कधीच कळत नाही.

गोपनीयतेचे भान मात्र ठेवा. कागदांतील व्यक्तींची नावे, आजार, खटले, पगार यांतले काहीही तुमच्या खासगी वहीत येता कामा नये. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने १९९६ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत दहा तत्त्वे आहेत आणि खुलेपणाबरोबर खासगीपणाचाही मान राखणे हे त्यांतले एक आहे. स्वतःच्या प्रगतीचा पुरावा गोळा करताना दुसऱ्याच्या आयुष्याचा तपशील बाहेर नेणे हा आचारभंगच आहे.

अनुभवाचे पत्र नोकरी सोडताना मागू नका. प्रत्येक मोठे काम संपताच मागा. पत्रात कालावधी, काम पूर्णवेळ होते की अर्धवेळ आणि आठवड्याला किती तास, तुमचे पद, कामांचे स्वरूप आणि प्रत्येक कामातील तुमची जबाबदारी हे स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. वरिष्ठांकडे वेळ नसतो, म्हणून नोंदवहीवरून मसुदा तुम्हीच तयार करून द्यावा; त्यांनी तो तपासून, हवे तिथे दुरुस्त करून सही करावी. यात संकोच करण्याचे कारण नाही. अर्धवेळ कामाचा हिशेब पूर्णवेळेच्या प्रमाणात केला जातो, त्यामुळे तासांचा उल्लेख नसेल तर दोन वर्षांचे काम मोजताना अडचण येते. आणखी एक गोष्ट अशी, की केवळ लिपिकाचे किंवा स्कॅनिंगचे काम अनेकदा व्यावसायिक अनुभव म्हणून धरले जात नाही. तुम्ही स्कॅनिंगच्या प्रकल्पावर असाल, तर निवडीचे निकष, नामकरणाचे नियम किंवा गुणवत्तातपासणी यांपैकी एखादी जबाबदारी मागून घ्या.

६. कोणते प्रमाणन, हे आता ठरवा

सर्वाधिक ओळखले जाणारे परीक्षाधारित प्रमाणन अमेरिकेतील अकॅडमी ऑफ सर्टिफाइड आर्काइव्हिस्ट्स ही १९८९ मध्ये स्थापन झालेली संस्था देते. तिच्या परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होऊन पात्रता पूर्ण करणाऱ्याला ‘सर्टिफाइड आर्काइव्हिस्ट’ असे बिरुद वापरता येते. चालू कामकाजातल्या कागदांच्या व्यवस्थापनाकडे, म्हणजे काय किती वर्षे ठेवायचे आणि केव्हा नष्ट करायचे या बाजूकडे, तुमचा कल असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर्स या संस्थेची परीक्षा पाहा. ती सहा भागांची आहे आणि तिच्या शेवटच्या भागात दिलेल्या प्रसंगावर लेखी विवेचन करावे लागते. ब्रिटन व आयर्लंडच्या आर्काइव्ह्ज अँड रेकॉर्ड्स असोसिएशनचा मार्ग वेगळा आहे: तिथे एका बैठकीत परीक्षा नसते, तर ठरवून दिलेल्या क्षमतांनुसार आपल्या कामाचा पुरावा सादर करून नोंदणीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. डिजिटल अभिलेखांपुरते शिक्षण हवे असेल, तर सोसायटी ऑफ अमेरिकन आर्काइव्हिस्ट्सचा डिजिटल आर्काइव्हज स्पेशालिस्ट हा अभ्यासक्रम आहे. पण ते सर्टिफिकेट आहे, प्रमाणन नाही, हे पहिल्या टप्प्यातील भेदावरून ध्यानात येईल.

माझे मत विचाराल तर पदवी संपताच प्रमाणनासाठी धाव घेऊ नये. दोनतीन संग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताळल्यावर परीक्षेतील प्रश्न वाचताना तुमच्यासमोर प्रत्यक्ष खोकी उभी राहतात, आणि उत्तर निवडणे हा पाठांतराचा विषय उरत नाही.

७. अर्जासाठी लागणारी कागदपत्रे

हे सर्व अर्जाच्या शेवटच्या तारखेपूर्वी किमान तीन महिने जमवायला घ्या, कारण विद्यापीठांच्या कार्यालयांतून कागद मिळायला वेळ लागतो.

– पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या अधिकृत गुणपत्रिका. काही संस्था त्या विद्यापीठाकडून थेट, मोहोरबंद किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागतात, तुमच्या हातून घेत नाहीत.
– अभिलेखशास्त्राच्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम. गुणपत्रिकेत ‘विशेष विषय २’ असे मोघम नाव असेल, तर हा कागद नसल्यामुळे अर्ज अडतो.
– परदेशी पदवी असल्यास तिच्या समकक्षतेचे मूल्यमापन आणि प्रमाणित भाषांतर.
– पाचव्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे अनुभवाची पत्रे, प्रत्येक नोकरीसाठी वेगळे.
– पदाचे अधिकृत कार्यवर्णन, उपलब्ध असल्यास.
– कार्यशाळा, परिषदा आणि अल्प मुदतीचे अभ्यासक्रम यांची उपस्थितिपत्रे, तासांच्या उल्लेखासह.
– शिफारस करणाऱ्यांची नावे आणि संपर्क, त्यांची पूर्वपरवानगी घेऊन.
– ओळखपत्र, ज्यावरील नाव अर्जातील नावाशी अक्षरशः जुळते.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबा. लग्नानंतर बदललेले नाव, वडिलांच्या नावाचे एकदा पूर्ण आणि एकदा आद्याक्षर, आडनावाचे दोन प्रकारचे स्पेलिंग यांमुळे परीक्षाकेंद्राच्या दारातून परत यावे लागू शकते. नावातील प्रत्येक फरकासाठी कायदेशीर दुवा जोडणारा कागद सोबत ठेवा. शुल्क, पात्रतेच्या अटी आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून मित्राने दिलेली जुनी प्रत न वापरता संस्थेची त्या वर्षाची परीक्षार्थी पुस्तिका घ्या आणि अर्ज केला त्या दिवशीची प्रत जपून ठेवा.

८. परीक्षेची तयारी

अकॅडमीच्या परीक्षेचे उदाहरण घेऊ, कारण तिची रचना इतर परीक्षांनाही उपयोगी पडते. तिचे ज्ञानक्षेत्र सात भागांत विभागलेले आहे: निवड, मूल्यनिर्धारण व संग्रह मिळवणे; मांडणी व वर्णन; संदर्भसेवा व उपलब्धता; जतन व संरक्षण; जनसंपर्क व पाठपुरावा; अभिलेखागाराचे व्यवस्थापन; आणि व्यावसायिक, नैतिक व कायदेशीर जबाबदाऱ्या. प्रत्येक भागात परीक्षार्थीने काय करू शकावे याची वाक्यनिहाय यादी दिलेली असते. ती यादी कागदावर उतरवून प्रत्येक वाक्यासमोर आपल्या नोंदवहीतील एखादे काम लिहा. ज्या वाक्यांसमोर काहीच लिहिता येत नाही, तोच तुमचा अभ्यासक्रम. मांडणी व वर्णन रोज करणाऱ्या माणसाच्या रिकाम्या जागा बहुधा व्यवस्थापन आणि कायदेशीर जबाबदाऱ्यांत निघतात, आणि तरीही तो आवडीचे म्हणून मांडणीचेच वाचत राहतो.

सर्वांत मोठा सापळा आपल्या कार्यालयातील रिवाजाचा आहे. ‘आमच्याकडे असे करतात’ हे उत्तर परीक्षेत चालत नाही. तुमच्या अभिलेखागारात दानपत्राशिवाय संग्रह स्वीकारले जात असतील, मूळ कागद वाचकाला घरी नेऊ दिले जात असतील किंवा फाटलेल्या पानांना साधी चिकटपट्टी लावली जात असेल. व्यवसायाने मान्य केलेली पद्धत यांहून वेगळी आहे, आणि प्रश्न तिच्याबद्दल असतो.

बहुपर्यायी प्रश्नांत ‘सर्वप्रथम’, ‘सर्वांत योग्य’, ‘वगळता’ यांसारख्या शब्दांवर उत्तर फिरते. समजा, असा प्रश्न आला: तळघरात पाणी शिरून नोंदवह्या भिजल्या आहेत, सर्वप्रथम काय कराल? पर्याय आहेत: नोंदवह्या गोठवणे, छायाचित्रे काढणे, वीज बंद करून जागा सुरक्षित असल्याची खात्री करणे, विमा कंपनीला कळवणे. चारही गोष्टी करायच्याच आहेत. ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे जाणकाराचा हात गोठवण्याच्या पर्यायाकडे जातो; परंतु माणसांची सुरक्षितता आधी येते. अशा प्रश्नांचा सराव दोघातिघांनी मिळून करावा, प्रत्येकाने आपला पर्याय का निवडला ते बोलून दाखवावे. एकट्याने केलेल्या सरावात चुकीचे कारण आणि बरोबर उत्तर यांची जोडी पकडली जात नाही.

वेळेचे नियोजन म्हणाल तर नोकरी सांभाळून चार ते सहा महिने पुरतात. पहिले दोन महिने रिकाम्या जागांसाठी, पुढचे दोन मानके आणि आचारसंहिता मुळातून वाचण्यासाठी, उरलेला काळ सरावासाठी ठेवावा. मानकांबद्दलचे दुसऱ्याने काढलेले टिपण वाचून परीक्षेला बसू नका. आयसॅड-जी हे छोटेखानी मानक आहे आणि ते दोन बैठकांत वाचून होते.

९. निकालानंतर: नूतनीकरणाची फाइल त्याच आठवड्यात उघडा

सर्टिफाइड आर्काइव्हिस्ट हे प्रमाणन पाच वर्षांसाठी असते. मुदत संपताना एकतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते किंवा त्या काळातील काम, शिक्षण, लेखन, व्याख्याने आणि व्यावसायिक संस्थांतील सहभाग यांचा तपशील सादर करून ते नव्याने मिळवावे लागते. चौथ्या वर्षाच्या शेवटी जागे होणाऱ्यांची धावपळ मी जवळून पाहिली आहे. कार्यशाळा घेणाऱ्या संस्था बंद पडतात, संकेतस्थळावरील कार्यक्रमपत्रिका काढून टाकल्या जातात, नोकरी बदलली की कार्यालयाच्या ईमेलमधील सगळा पत्रव्यवहार हातचा जातो.

त्यासाठी वर्षाला एक अशी फाइल करा आणि तिच्यात मूळ क्रमाने, म्हणजे ज्या क्रमाने कामे झाली त्या क्रमाने, कागद लावत जा: निमंत्रण, कार्यक्रमपत्रिका, उपस्थितिपत्र, तुम्ही दिलेल्या व्याख्यानाची टिपणे. डिजिटल प्रती कार्यालयाच्या नव्हे तर स्वतःच्या ताब्यातील दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि फायलींच्या नावात सुरुवातीला तारीख लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे त्या आपोआप काळानुसार लागतात. दर वर्षाच्या शेवटी एक तास काढून नूतनीकरणाच्या तक्त्यात त्या वर्षाची नोंद करा. कार्यशाळा दुपारी संपली आणि उपस्थितिपत्रावर तासांचा आकडा लिहिलेला नसेल, तर सभागृह सोडण्यापूर्वी तो लिहून आणि सही करून घ्या.